दोनदा ठोकलं की रेस

१

आवाजांचं माझं एक सरळ गणित आहे. गाडी खडखडली तर बोल्ट ढिला, घरघरली तर बेअरिंग, किंचाळली तर बेल्ट. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलं, आधी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये आणि मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. या गणितानं मला कधी तोंडघशी पाडलेलं नाही. त्यामुळे गुरुवारी सकाळी सव्वासातला आमची म्हातारी गाडी किंचाळली, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "बेल्ट."

"कानठळ्या बसल्या हो," ही म्हणाली. ही म्हणजे माझी बायको. "शेजारचं कुत्रं पलंगाखाली जाऊन बसलं असेल."

"दोन दिवसांत गप्प करतो बघ."

"तीन आहेत तुमच्याकडे. रविवारी सकाळी पोरगी निघणार."

हे मला सांगायची गरज नव्हती. आमची एकुलती एक, जनावरांची डॉक्टर. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणतो आणि ती चिडते. डोंगरातल्या एका दवाखान्यात तिची पहिली नेमणूक झाली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिथं गोठे एकमेकांपासून लांब, म्हणून स्वतःची गाडी हवी ही त्यांची अटच होती. एकोणीस वर्षांची ही गाडी मी तिच्यासाठीच राखून ठेवली होती.

आता बेल्ट म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. इंजिन फिरतं आणि त्या एका काळ्या पट्ट्यावर बाकी सगळ्यांना फिरवतं. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर त्याच्यावर, पाण्याचा पंप त्याच्यावर, स्टिअरिंग हलकं करणारा पंपही त्याच्यावर. भर घाटात वळणावर तो तुटला की स्टिअरिंग दगड होतं आणि पाणी उकळायला लागतं. माझी पोरगी त्या वळणावर एकटी असणार होती. मी तिला शब्द दिला होता, की आवाज काढल्याशिवाय किल्ली हातात देणार नाही. आणि मी हट्टाला पेटलो की कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

२

बॉनेट उघडलं की समोर उभ्या माणसाला ड्रायव्हर दिसत नाही. बॉनेटच्या खालच्या कडेला दोन बोटांची फट राहते, तिच्यातून स्टिअरिंगचा तुकडा दिसला तर दिसला. इंजिन चालू असेल तर हाकही ऐकू जात नाही. म्हणून आमच्याकडे ठोकायची पद्धत आहे. मडगार्डवर दोनदा ठोकलं की रेस द्यायची, एकदा ठोकलं की पाय काढायचा, तीनदा ठोकलं की इंजिन बंद. ही पद्धत मी पाडली ती डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटासाठी. त्याचं टोक एका बेल्टनं नेलं, कारण आत बसलेल्या वर्कशॉपातल्या जोडीदारानं अंदाजानं रेस दिली होती. तेव्हापासून अंदाज बंद.

घरी सीटवर बसायचं काम हिचं. मांडीवर मटारचं पातेलं घेऊन बसते आणि ठोकलं की पाय देते, तेही हातातली शेंग संपवून. बत्तीस वर्षांच्या संसारात आमचं बोलणं कमी आणि ठोकणं जास्त झालंय, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

गुरुवारी दुपारी हिला बसवलं, हिनं इंजिन चालू केलं, मी बाटलीतून बेल्टवर पाणी मारलं. ही सगळ्यात जुनी तपासणी. पाणी पडल्यावर आवाज वाढला तर बेल्ट ढिला, क्षणभर थांबून परत आला तर बेल्ट वाकडा धावतोय. आवाज थांबला. चार श्वासांनी परत आला. म्हणजे कुठली तरी पुली ओळीत नव्हती.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक एकेका बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. दोनदा ठोकलं. रेस आली. एकदा ठोकलं. गेली. पुढचं बेअरिंग, दोनदा ठोकलं, दुसऱ्या ठोक्याचा आवाज विरायच्या आत रेस आली. एकदा ठोकलं, तत्क्षणी गेली. अशी साथ मला वर्कशॉपातही कुणी दिली नव्हती. फटीतून स्टिअरिंगवरची बोटं दिसली, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "वा गं, आज अगदी मन लावून बसलीयस!"

"मला म्हणालात का काही?"

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"तू कधी उतरलीस?"

"कधीची! दूध उतू जाईल म्हणून आत गेले. सांगितलं की तुम्हाला, तुमचे कान त्या दांड्याला चिकटलेले. तुम्ही एकटेच ठोकत होतात, म्हटलं असेल काहीतरी."

इंजिन माझ्या पोटाशी संथ चाललं होतं. मी वळसा घालून गेलो, किल्ली फिरवून बंद केलं आणि सीटकडे बघितलं. मटारचं पातेलं सीटवर तसंच होतं.

३

मी अडाणी माणूस नाही. जुन्या इंजिनाचा हवेचा रस्ता काजळीनं भरला की ते आपोआप रेस खातं, हे मला माहीत आहे. माझ्या ठोक्यांशी ते जुळलं तो योगायोग. बोटांचं म्हणाल, तर उन्हात काच चमकते आणि साठीच्या डोळ्यांना काहीही दिसतं. त्याच संध्याकाळी हवेचा रस्ता धुतला, एक्सलेटरची तार तपासली, तेल घातलं. तार चकचकीत आणि मोकळी होती. मला ती गंजलेली सापडली असती तर फार बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी गाडीत बसायला दार उघडलं आणि बसताच येईना. सीट पुढं सरकवलेली होती. पुढं म्हणजे किती? ही माझ्या खांद्याला लागते, ती दोन खाचा पुढं घेते. ही सीट शेवटच्या खाचेवर होती. पाठीची गादी स्टिअरिंगला टेकायला चार बोटं उरली होती.

"डॉक्टरीणबाई!" मी ओरडलो. "सीटशी कुणी खेळ केला?"

पोरगी दात घासत शेडच्या दाराशी आली. माझ्यापेक्षा उंच आहे, आईची उंची तिनं घेतली नाही. "बाबा, मी तिथं बसले तर माझे गुडघे कानाशी येतील. आई असेल."

"आईसुद्धा मावणार नाही इथं."

"मग मांजर असेल. ड्रायव्हिंग शिकत असेल." ती हसली, आणि ब्रश तोंडात ठेवून सीटकडे जरा वेळ बघत राहिली. "खाच झिजली असेल का हो?"

खाच झिजली तर सीट ढकलल्याशिवाय सरकत नाही, आणि गाडी सपाट फरशीवर उभी होती. पण मी म्हणालो, "हो, झिजलीच असेल." सीट मागं घेतली, खाच तपासली. खाचेचे दात नव्यासारखे होते.  

४

वाकडी पुली शोधायची तर बेल्ट उतरवावा लागतो. शुक्रवारी जेवण झाल्यावर मी तो उतरवला आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. जुना बेल्ट मी टाकत नाही, आम्ही मिस्त्री कुणीच टाकत नाही. नवा वाटेत तुटला तर जुना घरी आणून सोडतो.

मग पोलादी पट्टी घेतली आणि पुल्यांच्या तोंडावर आडवी धरली. सगळ्या टेकल्या, अल्टरनेटरची टेकली नाही. दोन मिलिमीटर आत. विजेरी लावून बघितलं तर एक जाड वायसर, म्हणजे लोखंडी चकती, जो अल्टरनेटर धरणाऱ्या कंसाच्या मागं हवा, तो पुढं बसला होता. दोन वर्षांपूर्वी तो अल्टरनेटर बसवला कुणी? मीच. घाईत होतो, फोनवर कुणाशी तरी भांडत होतो, आणि वायसर उलट्या बाजूला टाकला. चाळीस वर्षांचा मिस्त्री! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला शेडमधून हाकलला असता. स्वतःला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या, आणि खरं सांगतो, फार हायसं वाटलं. आवाजाला कारण होतं. कारण सापडलं की माझी भीती जाते.

किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. शेडमध्ये मी एकटा, या दोघी समोरच्या खोलीत सामान बांधत होत्या. मी डावा हात पुल्यांमध्ये खोल घातला आणि उजव्या हातातल्या पान्यानं कंसाचा बोल्ट सोडवायला लागलो. तो गंजून बसला होता. पाना निसटला, मडगार्डवर आपटला, उसळून पुन्हा आपटला.

टक, टक.

मी विचार केला नाही. बोटाचं टोक गेलेला हात विचार करत नाही, तो बाहेर येतो. हात बाहेर आला आणि त्याच क्षणी इंजिन चालू झालं आणि थेट रेसमध्ये गेलं. जिथं माझं मनगट होतं तिथं खालची पुली गरगरत होती. शर्टाची बाही कोपरापर्यंत फाटली.

मला राग आला. भीती नंतर आली, आधी राग आला, एवढा की मी पान्यानं मडगार्डवर तीनदा ठोकलं. रंगाचे टवके उडाले.

इंजिन बंद झालं. मुकाट्यानं.

शेडमध्ये फक्त नळाच्या टिपटिपीचा आवाज उरला. मी खिसा चाचपला. किल्ली छातीशी होती, घामानं ओली.  मी पालथ्या बादलीवर बसलो आणि पुढून, बॉनेटच्या आडून, त्या गाडीच्या आत कोण आहे हे बघायला काही केल्या उठलो नाही.

५

घरात सांगितलं नाही. काय सांगणार? पोरगी आनंदाच्या भरात तीन रात्री झोपली नव्हती, तिच्या आईचे डोळे येता-जाता भरत होते, त्यात माझं हे कुठं घालू? हिला एवढंच म्हणालो, की बाही बोल्टमध्ये अडकली.

"बोट एक गेलंय, आता हात घालवा," ती म्हणाली आणि शिवायला घेतली.

शनिवारी सकाळी मी एकेक गोष्ट सरळ केली. स्टार्टरचा रिले चिकटतो आणि किल्लीशिवाय इंजिन फिरतं, असं जुन्या गाड्यांत होऊ शकतं. रिले नवा टाकला. वायसर योग्य बाजूला घातला. बेल्टला ताणून धरणारी मधली पुली हातानं फिरवली तर जरा खरखरली, तीही बदलली. नवा बेल्ट चढवला, ताण बघितला, पट्टी धरली. सगळ्या पुल्या एका ओळीत.

मग हिला बसवलं. ती बसली, दार लागलं, पातेलं मांडीवर आलं, हे सगळं मी तिच्या शेजारी उभा राहून बघितलं. "उतरायचं नाही. घर पेटलं तरी उतरायचं नाही," म्हणालो.

"दुधाचं काय?"

"दूधही पेटू दे."

इंजिन चालू झालं. दोनदा ठोकलं, एकदा ठोकलं. आवाज नाही! लोण्यासारखं इंजिन. पाणी मारलं, दिवे लावले, स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवायला लावलं, तरी चूं नाही. पोरगी शेडच्या दारात नाचायला लागली. "बाबा, तुम्ही जादूगार आहात!" मी तीनदा ठोकलं, इंजिन बंद झालं, आणि मलाही वाटलं, चला, झालं. रिलेच होता.

ही उतरली, पदर झटकला आणि जाता जाता म्हणाली, "ते पेडल मात्र बघा हो. एकदा ठोकलंत, मी पाय काढला, तर पेडल खालीच. पायाखाली कुणीतरी आधीच दाबून धरल्यासारखं. मग हळूच वर आलं."

"चटई अडकली असेल."

"चटई तुम्ही कालच काढून धुवायला टाकलीत की."

६

जेवण झाल्यावर या दोघी पोरीसाठी पांघरुणं आणायला बाजारात गेल्या. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, वळणाआड जाईपर्यंत थांबलो, आणि परत आलो तो ठरवूनच आलो. उद्या या सीटवर माझी पोर बसणार. बसायच्या आधी मला कळायला हवं.

भर दुपार होती. शेडचं दार सताड उघडं, पत्र्यावर ऊन. मी बॅटरीची तार सोडवली. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून बॅटरीच उचलून कोपऱ्यात ठेवली. किल्ली खिशात. सीट बघितली, ती हिच्या मापाला, दोन खाचा पुढं होती, रिकामी. चारही दारं लावली. बॉनेट उघडून समोर उभा राहिलो.

वीज नाही, किल्ली नाही, आत कुणी नाही. एकदा ठोकलं. काही नाही. दोनदा ठोकलं. काही नाही. मला हसू आलं, स्वतःचंच. साठ वर्षांचा घोडा, रिकाम्या गाडीचं दार वाजवतोय.

तेवढ्यात सीट सरकली. तो आवाज मी हजार वेळा ऐकलाय, खाचेवरून खाचेवर, कट्, कट्, कट्. पुढं, आणखी पुढं, शेवटच्या खाचेपर्यंत. मग आतून, डॅशबोर्डच्या मागून, अगदी माझ्याच लयीत, टक, टक.

मी पळालो नाही. पळालो असतो तर आयुष्यभर म्हटलं असतं, की उंदीर असेल. वाकलो आणि फटीतून बघितलं.

स्टिअरिंगवर बोटं होती. वरून धरलेली नव्हती, खालून आलेली होती, जिथं मांडीलाही जागा नव्हती तिथून. मी ती मोजायला लागलो, मिस्त्रीची सवय. दहावर थांबायला हवं होतं. मी पुढं मोजत गेलो, आणि मग ती सगळी एकदम, माझ्या दिशेनं, जरा उचलली गेली.

पुढचं बघायला मी थांबलो नाही. बॉनेट पाडलं, डोळे मिटून. बऱ्याच वेळानं ते पुन्हा उघडलं, मघाचाच नवा बेल्ट उतरवला आणि सुरीनं त्याचे चार तुकडे केले. आता ही गाडी पोरीला नेता येणार नव्हती.

७

"इंजिन गेलं," मी पोरीला सांगितलं.

"सकाळी लोण्यासारखं चाललं होतं!"

"लोणी वितळलं. तू माझी व्हॅन घेऊन जा."

 माझी हत्यारांची व्हॅन मी कुणाला हात लावू देत नाही. सख्ख्या भावाला दिली नव्हती, त्यावरून तो दोन वर्षं बोलला नाही. पोरीनं आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे.

"बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? व्हॅन दणकट आहे. बेल्ट मी परवाच बदललाय. घे म्हणतो तर घे."

तिनं मला मिठी मारली. लहानपणी मारायची तशी, सगळा भार टाकून. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घातला.

रविवारी सकाळी सातला सगळं सामान व्हॅनमध्ये चढलं. हत्यारं उतरवून मी शेडमध्ये ठेवली, म्हाताऱ्या गाडीकडे पाठ करून. पोरगी सीटवर बसली, आरसा लावला, इंजिन चालू केलं. बेल्टचा आवाज नाही, कसलाच आवाज नाही. हिचे डोळे पदराला. मी व्हॅनच्या पुढं उभा, छातीवरचा दगड उतरलेला. गिऱ्हाइकाची गाडी नीट करून दिली की मी जे चाळीस वर्षं करत आलोय तेच केलं. मडगार्डवर थाप मारली. जा, खुशाल जा, अशी. दोनदा.

व्हॅननं एकदम रेस घेतली.

"अगंबाई, जोरातच दाबलं गेलं वाटतं!" पोरगी खिडकीतून हसली, हात हलवला आणि गेली.

मी हात वर केलेला तसाच उभा राहिलो. तळव्याला पत्र्याचा गारवा होता. मग शेडमध्ये गेलो आणि म्हाताऱ्या गाडीच्या काचेतून आत बघितलं. सीट मागं गेलेली होती. गाडी नुसती गाडी दिसत होती, जुनी आणि रिकामी.

८

साडेदहाला फोन आला.

"बाबा, घाट लागायच्या आधी थांबलेय, पाणी प्यायला. व्हॅन झकास चाललीय. फक्त तुमची सीट सारखी पुढं येते हो. तीनदा मागं केली."

 मी आवाज साधा ठेवला. "इंजिन बंद आहे?"

"हो."

"किल्ली काढ आणि खाली उतर. व्हॅनपासून लांब, माणसं असतील तिथं जाऊन बस."

"आता काय झालं?"

"ब्रेकचं एक काम माझ्याकडून राहिलंय. उतर म्हणतो ना!"

दार उघडल्याचा आवाज आला, पावलांचा आला. "उतरले. समोर दुकान आहे, त्याच्या बाकावर बसते. तुम्ही असं बोललात की मला भीती वाटते." मग ती जरा थांबली. "बाबा, कुणीतरी ठोकतंय."

मलाही ऐकू आलं. टक, टक. आणि त्यामागून इंजिनाची रेस चढत गेली.

"किल्ली माझ्या हातात आहे," पोरगी म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "बाबा, व्हॅन पुढं यायला लागलीय."

मी फोनच्या तोंडाशी, टेबलावर, बोटाच्या पेरानं एकदा ठोकलं. जोरात. एकदा ठोकलं की पाय काढायचा, हा नियम माझा होता. श्वास धरून ऐकलं. रेस उतरली.

"थांबली," ती म्हणाली.

"दुकानाच्या आत जा. फोन चालू ठेव, माझ्या आईशी बोल... तुझ्या आईशी बोल." माझी जीभ अडखळत होती. "मी येतोय."

"कशानं येणार? व्हॅन इथं आहे."

फोन मी हिच्या हातात दिला. "मध्येमध्ये टेबलावर ठोकत राहा. एकदाच. दोनदा नाही, काही झालं तरी दोनदा नाही." तिनं कारण विचारलं नाही. बत्तीस वर्षांत तिनं ठोक्याचं कारण कधी विचारलेलं नाही. खुर्ची ओढून ती बसली आणि ठोकलं.

मी शेडमध्ये गेलो. बॅटरी बसवली. खिळ्यावरचा जुना बेल्ट काढला आणि पुल्यांवर चढवला, अकरा मिनिटांत, तेवढ्या वेळात आयुष्यात कधी चढवला नव्हता. बॉनेट लावलं. पाना खिशात टाकला. मला काय करता येणार होतं ते ठाऊक नव्हतं, पण ते जे काही होतं त्याला माझी भाषा येत होती, आणि ती भाषा मी शिकवली होती. तीनदा ठोकलं की बंद व्हायचं, पण फोनवर एक ठोका गळला तर दोनच पोचले असते, म्हणून हे पोरीच्या समोर उभा राहून मलाच ठोकायला हवं होतं.

दार उघडलं. सकाळी मागं गेलेली सीट अगदी माझ्या मापाला होती. पाठीची गादीसुद्धा, पाठदुखीमुळे मी जरा कलती ठेवतो, तशीच कलती. मी बसलो. गादी ऊबदार होती.

किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं आणि वाकडा झिजलेला जुना बेल्ट किंचाळला, गुरुवारसारखाच. स्वयंपाकघरातून हिचा एकेक ठोका येत होता.

समोर बॉनेट बंद होतं, शेडचं दार उघडं होतं, रस्ता दिसत होता. पुढं कुणीच नव्हतं. मडगार्डवर दोनदा टकटक झाली.

मी पाय दिला.